खरखर कुठून येते?

हेडफोनवर गाणं छान चालू असतं आणि एकाएकी गायिकेचा आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा होतो. व्हायोलिनं, घुंगरू, टाळ्या दोन्ही बाजूंना ऐकू येत राहतात, पण मधला गळा गायब. वायर जॅकपाशी जरा पिळली की तो परत जागेवर येतो.

साध्या स्टीरिओ जॅकचे तीन भाग असतात. टोकाकडून डाव्या कानाचा सिग्नल जातो, मधल्या कड्याकडून उजव्याचा, आणि मागचा दांडा ही दोघांची सामाईक परतीची वाट, म्हणजे ग्राउंड. ही परतीची वाट तुटली की दोन्ही कानांतले स्पीकर एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि त्यांना डाव्या-उजव्या सिग्नलमधला फक्त फरक मिळतो. गायिकेचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये बहुधा दोन्हीकडे सारखाच असतो. सारख्यातून सारखं वजा, बाकी शून्य. टाचणीच्या डोक्याएवढा एक सांधा सुटतो आणि गाण्यातून गाणारी व्यक्तीच निघून जाते.

स्वतः केबल बनवायला बसलं की बहुतेकांचं लक्ष आधी तारेकडे जातं. तांबं किती शुद्ध, चांदीचा मुलामा आहे का, वेणी चार पदरांची की आठ. मला मात्र ठामपणे वाटतं, की या कामात वेळ आणि पैसा आधी टोकांवर खर्च करावा. मीटरभर तांबं क्वचितच बिघडतं. बिघडतो तो सांधा.

दोन धातू एकमेकांना टेकले, की डोळ्यांना त्यांचा पृष्ठभाग पूर्ण भिडलेला दिसतो. प्रत्यक्षात ते काही सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेले असतात आणि सगळा विद्युतप्रवाह तेवढ्या ठिपक्यांतून जातो. त्या ठिपक्यांवर ऑक्साइडचा पापुद्रा चढला किंवा सॉकेटमधली पत्ती सैल झाली, की वाट अरुंद होते आणि जरा हललं तरी बदलते. या बदलण्याचाच आवाज म्हणजे खरखर.

सोन्याचं काम इथे सुरू होतं. सोनं तांब्यापेक्षा चांगला वाहक असतं हा समज चुकीचा आहे. वीज वाहण्यात पहिली चांदी, मग तांबं, मग सोनं. सोन्याची खुबी एवढीच, की ते गंजत नाही. पण ते मऊ असतं, आणि थेट पितळेवर चढवलं तर खालचे अणू हळूहळू त्यातून वर येतात. म्हणून चांगल्या जॅकमध्ये आधी निकेलचा थर आणि त्यावर सोनं असतं. सोन्याचा थर नुसता झळाळीपुरता असेल, तर रोजच्या काढ-घालीत तो लवकर झिजतो. नुसता निकेलचा, पण नेमक्या मापाचा जॅक मी अशा सोनेरी जॅकपेक्षा केव्हाही आधी उचलेन.

थोडं गणित करू. हेडफोन ३२ ओहमचा आहे आणि जॅकच्या सांध्याचा रोध ०.०१ ओहम. आवाजातला फरक साधारण ०.००३ डेसिबल, म्हणजे कानाला न कळणारा. सामाईक ग्राउंडमध्ये तोच रोध ०.१ ओहम झाला, तर एका कानाचा सुमारे ३२०वा भाग दुसऱ्या कानात मिसळतो, तोही उलटा. हेही चालून जातं. सांधा सैल होऊन रोध दोन ओहमवर गेला, की मिसळणारा भाग सुमारे सतराव्या हिश्शावर येतो आणि मधला आवाज पातळ व्हायला लागतो. त्यामुळे रोध किती कमी आहे यापेक्षा तो हलवल्यावर स्थिर राहतो का, हे पाहायचं. डाव्या-उजव्याची परतीची तार वेगळी ठेवून त्या दोन्ही थेट जॅकच्या पत्तीवरच जोडल्या, तर तारेच्या रोधाचा प्रश्नही मिटतो.

मध्यंतरी माझी एक बंद पडलेली केबल ब्लेडनं उभी चिरली. झाळलेला, म्हणजे वितळलेल्या कथिलानं जोडलेला, सांधा शाबूत होता. त्याच्या दोन मिलिमीटर मागे, जिथे कथिल शोषून कडक झालेली तार संपते आणि मऊ तार सुरू होते, तिथे तारेचे केसासारखे बारीक धागे तुटलेले. एकच काळपट केस लटकत होता. वाकण्याचा सगळा ताण त्या एका रेषेवर येत होता. म्हणून जॅक घेताना टोपण उघडून आत पाहावं. केबलच्या बाहेरच्या आवरणाला धरणारी पकड आहे का? आपल्या केबलची जाडी त्या पकडीत बसते का? मागे लवचीक रबरी शेपूट आहे का? नुसत्या झाळलेल्या सांध्यावर केबलचं वजन टाकणारा जॅक कितीही देखणा असला तरी परत ठेवावा.

बाकीची परीक्षा हातानंच होते. टोक चिमटीत धरून फिरवून पाहावं; किंचितही हललं तर आतला रिव्हेट सैल आहे. लोहचुंबक लावावा, पितळेला तो ओढत नाही, निकेलचा थर नगण्य ओढतो, आणि जॅक खटकन चिकटला तर आत पोलाद आहे. फोनला कव्हर असेल, तर जॅकचा खांदा त्याच्या भोकात जाईल इतका बारीक हवा.

झाळताना जॅक एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवावा, म्हणजे मधलं प्लास्टिक तापून मऊ झालं तरी टोक तिरकं होत नाही. ६३/३७ कथिल (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसंविरहित सुमारे २१७ला. स्वस्त प्लास्टिकला हा फरकही जड जातो. टोपण मात्र आधीच केबलवर ओवायचं.

मापांबद्दल एकच इशारा. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकमध्ये दोन्ही कानांच्या परतीच्या वाटा वेगळ्या असतात. त्यावरून नेहमीच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर जाणारी केबल बनवताना त्या दोन वाटा एकत्र जोडल्या, तर अॅम्प्लिफायरची आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात आणि तो जळू शकतो.

टोपण पिळण्याआधी रोध मोजणारा मल्टिमीटर लावावा. त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध काही दशांश ओहम असतो, तेव्हा आकडा नेमका किती याचा विचार नको. आकड्यावर नजर ठेवून जॅकपाशी केबल चारही बाजूंना वाकवावी, हलकेच ओढावी. आकडा थरथरला तर सांधा पुन्हा झाळावा. जागचा हलला नाही तर टोपण पिळावं.