पार्श्वभूमी : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ‘लाइफटाइम’ हा शब्द

मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेत १९४० च्या मॉडेलवर आला. १९४९ मध्ये त्याच्या ऑइलचा ‘टाइप ए’ हा दर्जा ठरला. त्या काळाबद्दल एवढं पुरे.

गुंता सुरू झाला १९६० च्या दशकाच्या अखेरीस. एका कंपनीने ‘डेक्सरॉन’ नावाचं गिअरबॉक्स ऑइल आणलं, तर तिच्या प्रतिस्पर्ध्याने ‘टाइप एफ’. डेक्सरॉनमध्ये घर्षण मवाळ करणारे घटक असतात, म्हणून गिअर अलगद पडतो. टाइप एफमध्ये ते नसतात, त्यामुळे क्लच प्लेट पटकन धरते. अदलाबदल झाली की एका गाडीत झटके बसतात, दुसरीत क्लच घसरून जळतो. दिसायला मात्र दोन्ही लाल. हा लाल रंग ओळखीपुरता, गळती कुठली ते कळावं म्हणून. त्यावरून दर्जा ठरवणारे आजही भेटतात.

पूर्वी घर्षणाच्या या घटकांत स्पर्म व्हेलचं तेल असे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि नवी मिश्रणं शोधावी लागली. डेक्सरॉनच्या पुढच्या पिढ्या आल्या. तिसऱ्या पिढीचा परवाना २००६ अखेर संपला. त्यामुळे आज डब्यावर ‘डेक्सरॉन थ्री’ छापलेलं दिसलं, तर त्यामागे मूळ कंपनीची तपासणी नसते. जुन्या गाडीच्या मालकाने हे लक्षात ठेवलेलं बरं.

खरा वाद ‘लाइफटाइम’ या शब्दाचा. डिपस्टिक (ऑइलची लेव्हल पाहायची पट्टी) गेली, गिअरबॉक्स ‘सीलबंद’ झाला आणि ऑइल आयुष्यभर टिकेल असं पुस्तिकेत छापून आलं. आयुष्य कुणाचं, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नाही. ऑइल गिअरबॉक्सइतकं जगेल हे खरंच आहे. ऑइल मेलं की गिअरबॉक्सही जातोच! गंमत म्हणजे, असे गिअरबॉक्स बनवणारी एक मोठी युरोपीय कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते, आणि तोच गिअरबॉक्स बसवणारे गाडीवाले ‘लाइफटाइम’ म्हणतात. कंपन्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे: डिपस्टिकच्या नळीतून घाण आत जाते आणि चुकीचं ऑइल ओतलं जातं. मुद्दा रास्त आहे, पण त्यातून ऑइल अमर होत नाही. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये लेव्हल पाहायची तर गाडी सपाट उचलून, ऑइल ठरावीक तापमानाला आणून, बगलेचा किंवा खालचा प्लग उघडावा लागतो. घरी हे कुणी करत नाही, आणि मग कुणीच करत नाही.

जुन्या डिपस्टिकवाल्या गाडीत काम सोपं, पण नियम एकसारखा नाही. बहुतेकांत ऑइल गरम, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून लिव्हर पार्कमध्ये. काही मॉडेल न्यूट्रल मागतात, काही इंजिन बंद करायला सांगतात. पांढऱ्या कापडावर थेंब घ्यावा. तपकिरी आणि जळका वास आला तर क्लच घासला. गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलं. बारीक बुडबुडे दिसले तर ऑइल बहुधा जास्त भरलंय, आणि फेसामुळे ऑइलचा दाब कमी होऊन गिअर घसरतो, अगदी कमी ऑइलसारखाच. म्हणून गिअर घसरतोय म्हटल्यावर आधी आणखी ऑइल ओतायची घाई नको.

लेव्हल कमी असेल तर ऑइल कुठेतरी गळतंय, कारण इंजिन ऑइलसारखं ते जळत नाही. अपवाद एकच: व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या ओढीवरून, म्हणजे व्हॅक्यूमवरून, गिअरबॉक्समधला दाब जुळवणारा भाग) असलेले जुने गिअरबॉक्स. या मॉड्युलेटरचा पडदा फाटला की इंजिन नळीतून ऑइल ओढून जाळतं. जमीन कोरडी आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, असं असेल तर मॉड्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून पाहावी. आत लाल ऑइल दिसलं की चोर सापडला.