बान्झुके

बान्झुके : जपानमधील व्यावसायिक सूमो कुस्तीचे अधिकृत मानांकनपत्रक. निहोन सूमो क्योकाई ही संघटना प्रत्येक मुख्य स्पर्धेआधी (होनबाशो) ते प्रसिद्ध करते. वर्षात अशा सहा स्पर्धा होतात : जानेवारी, मे व सप्टेंबरमध्ये टोकियोला, मार्चमध्ये ओसाकाला, जुलैत नागोयाला आणि नोव्हेंबरमध्ये फुकुओकाला. सहा स्पर्धांचा हा क्रम १९५८ पासून चालत आला आहे. प्रत्येक स्पर्धा रविवारी सुरू होऊन पंधराव्या दिवशी रविवारीच संपते. बान्झुके येते ते पहिल्या दिवसाच्या १३ दिवस आधी, सोमवारी सकाळी. जानेवारीच्या स्पर्धेचे मात्र नववर्षाच्या सुट्ट्यांमुळे डिसेंबरअखेरीसच निघते. चाहत्यांची स्पर्धा त्या सोमवारीच सुरू होते.

पत्रक साधारण ५८ सेंमी. उंच व ४४ सेंमी. रुंद असते. त्यावर एकही चित्र वा छायाचित्र नसते. असतात ती फक्त उभी, काळीभोर अक्षरे. उजवी बाजू पूर्वेची, डावी पश्चिमेची. एकाच पदावरच्या दोघांपैकी पूर्वेकडचा मल्ल अर्ध्या पायरीने वरचा मानला जातो. मधल्या उभ्या पट्टीत सर्वांत वर ‘परवाना मिळाला आहे’ या अर्थाची ठळक अक्षरे असतात. एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) कुस्त्या भरवायला शासनाची परवानगी लागे, त्याची ही खूण. त्याखाली स्पर्धेची तारीख, स्थळ, पंच व परीक्षकांची नावे येतात. दोन्ही बाजूंच्या पाच आडव्या ओळींत मल्लांची नावे आणि प्रत्येक नावाच्या माथ्यावर त्याचे मूळ गाव, प्रांत किंवा देश. वरच्या ओळीतली अक्षरे बोटाएवढी जाड, तर तळाच्या ओळीतली केसासारखी बारीक. म्हणूनच सर्वांत खालच्या गटाला सूमोच्या बोलीत ‘भिंग’ असे टोपणनाव पडले आहे. एका कागदाची ही उभी मांडणी एदोत (आजचे टोकियो) १७५७ पासून रूढ झाली आणि आजही पाहताक्षणी ओळखू येते.

क्रम ठरतो तो आधीची स्पर्धा संपल्यानंतरच्या बुधवारी. परीक्षक मंडळातले ओयाकाता, म्हणजे निवृत्त मल्लांपैकी संघटनेचे ज्येष्ठ सदस्य, एकत्र बसून निर्णय घेतात. ग्योजी (पंच) तिथे लेखनिक म्हणून हजर असतात, पण मत देत नाहीत. मग लेखनाची जबाबदारी असलेला ग्योजी कुंचल्याने, सूमोसाठीच्या खास जाड वळणात, सगळी नावे एका मोठ्या कागदावर लिहून काढतो. अक्षरांत पांढरी जागा जवळजवळ ठेवत नाहीत. मैदानही असेच खच्चून भरावे, ही त्यामागची इच्छा. हा कागद लहान करून छापला जातो आणि जाहीर होईपर्यंत गुप्त राहतो. योकोझुना (सर्वोच्च पद) व ओझेकी (त्याखालचे पद) या पदांची आणि जुर्यो या वरून दुसऱ्या गटातली बढती मात्र बुधवारीच कळवतात, कारण त्या मल्लांना समारंभी रेशमी वस्त्राची वगैरे तयारी करायची असते. जाहीर व्हायच्या सकाळी तालमींतली (हेया) तरुण पोरे गठ्ठे उचलून आणतात आणि घड्या घालून आश्रयदात्यांना टपालाने धाडतात.

वरपासून खालपर्यंत सहा गट आहेत : माकुउची, जुर्यो, माकुशिता, सान्दानमे, जोनिदान आणि जोनोकुची. माकुउचीत ४२ मल्ल. त्यात योकोझुना, ओझेकी, सेकिवाके व कोमुसुबी ही मानाची पदे आणि उरलेले सगळे माएगाशिरा. जुर्योत २८. सूमोतली खरी दरी या ७० जणांच्या खाली आहे. महिन्याचा पगार, स्वतंत्र खोली, हाताखाली सेवक हे सगळे यांनाच. माकुशितातला मल्ल मात्र तालमीत राहतो-जेवतो, भत्त्यावर भागवतो आणि वरच्यांची कामे करतो. ७० जण रोज एक याप्रमाणे १५ कुस्त्या लढतात, खालचे सातच. त्यामुळे नवे पत्रक हाती आले की जाणता चाहता योकोझुनांइतक्याच उत्सुकतेने जुर्यो आणि माकुशिता यांच्यातली सीमारेषा बघतो. कोणाचा संसार उभा राहिला आणि कोणाचा मोडला, ते तिथे दिसते.

चढउताराचे गणित ऐकायला सोपे आहे. १५ पैकी ८ कुस्त्या जिंकल्या की काचीकोशी, म्हणजे पुढच्या पत्रकात वर; ८ हरल्या की माकेकोशी, म्हणजे खाली. माएगाशिरांच्या बाबतीत जय-पराजयातला फरक जितका, साधारण तितक्या जागा मल्ल सरकतो. पण वर जागा रिकामी हवी. शेजाऱ्यांनीही बाजी मारली असेल तर ९ विजय मिळवूनही मल्ल जेमतेम हलतो, आणि वरचे सगळे कोसळले तर ८ विजयही त्याला बरेच वर नेतात. जपानमध्ये याला पत्रकाचे नशीब म्हणतात. स्पर्धा संपल्यावर पुढचे पत्रक आपापल्या परीने मांडून बघणे आणि मग ते खऱ्याशी ताडून पाहणे हा चाहत्यांचा आवडता छंद आहे. सूमो समजून घेण्याचा याहून चांगला अभ्यास नाही.

ओझेकी लागोपाठ दोनदा माकेकोशी झाला तर पद जाते. लगेचच्या स्पर्धेत १० विजय मिळवले तर परत मिळते. ओझेकी होण्यासाठी वरच्या पदांवर राहून सलग तीन स्पर्धांत सुमारे ३३ विजय ही रूढ अपेक्षा आहे. योकोझुनापदासाठी ओझेकीने सलग दोन अजिंक्यपदे किंवा त्या तोडीची कामगिरी दाखवावी लागते. योकोझुनाला मात्र खाली उतरवता येत नाही. झेपेनासे झाले की त्याने निवृत्त व्हायचे. पत्रकावर योकोझुना हा शब्द प्रथम छापला गेला १८९० मध्ये. अलीकडे, २०२५ मध्ये, मंगोलियाचा होशोर्यू आणि पाठोपाठ ओनोसातो या पदावर पोचले. ओनोसातोला पदार्पणापासून अवघ्या १३ स्पर्धा लागल्या. तो विद्यार्थिदशेत विजेता होता, त्यामुळे त्याची सुरुवात थेट माकुशितातून झाली, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

पत्रक निघाल्यापासून स्पर्धा सुरू होईपर्यंतचे दोन आठवडे बातम्यांचे असतात. मल्ल दुसऱ्या तालमींत जाऊन सराव करतात. कोण कोणाशी किती वेळा भिडला, कोणाच्या गुडघ्याला पट्टी आहे, कोण नुसत्या पाय आपटण्याच्या व्यायामावर भागवतो आहे, यावर जाणकारांचे बारीक लक्ष असते. दुखापतीला सवलत नाही. जखमी मल्लाचे स्थान एक स्पर्धा राखून ठेवण्याची पूर्वीची सोय २००४ पासून बंद झाली, आणि तेव्हापासून गैरहजेरी म्हणजे पराभव. या कठोरपणामुळे अनेक मल्ल अर्धवट बऱ्या झालेल्या पायांनी उतरतात आणि दुखणे कायमचे करून घेतात. सूमोच्या रचनेतला हा मोठा दोष आहे.

शुक्रवारी पहिल्या दोन दिवसांच्या जोडी लागतात. शनिवारी दोह्योची, म्हणजे आखाड्याची, पूजा होते. मीठ, तांदूळ अशा वस्तू मधोमध मातीत पुरतात. मग ढोल वाजवत फिरणारे योबिदाशी रस्तोरस्ती उद्याच्या जोडी पुकारतात. एका तालमीतले मल्ल बरोबरीनंतरच्या निर्णायक कुस्तीखेरीज एकमेकांशी लढत नाहीत. सुरुवातीला योकोझुनांसमोर कोमुसुबी आणि पहिल्या काही क्रमांकांचे माएगाशिरा येतात, म्हणून ती पदे सर्वांत जड. दुसऱ्या आठवड्यात मात्र तळाचा कोणी जिंकतच राहिला तर त्यालाही वरच्यांपुढे उभे करतात. जानेवारी २०२० मध्ये माकुउचीतल्या अगदी शेवटच्या जागेवरचा तोकुशोर्यू शेवटच्या दिवशी ओझेकी ताकाकेइशोला हरवून १४–१ अशा कामगिरीने अजिंक्य ठरला आणि आखाड्यातच रडला. पुढच्या पत्रकात तो माएगाशिरा २ वर होता. मार्च २०२४ मध्ये ताकेरुफुजीने माकुउचीतल्या पहिल्याच स्पर्धेत अजिंक्यपद घेतले. असे ११० वर्षांत घडले नव्हते. पत्रकाची तळाची ओळ कधीही वगळू नये.

तेरुनोफुजीची कहाणी तर लागोपाठची पत्रके समोर ठेवूनच वाचावी. २०१५ मध्ये तो ओझेकी झाला. पुढे गुडघे गेले, मधुमेहाने घेरले आणि त्याचे नाव ओळीमागून ओळ खाली येत राहिले. मार्च २०१९ च्या पत्रकावर ते जोनिदानात, ४८ व्या क्रमांकावर, बारीक अक्षरांत होते. कोणताही माजी ओझेकी त्याआधी इतका खाली गेलेला नव्हता. त्याने अनेकदा निवृत्ती मागितली, पण त्याच्या वस्तादांनी दिली नाही. जुलै २०२० मध्ये तो माकुउचीत परतला आणि तीच स्पर्धा जिंकला. २०२१ मध्ये योकोझुना झाला. सहा वर्षांचे हे कागद शेजारी मांडले की त्या माणसाने काय सोसले ते कोणत्याही मुलाखतीविना कळते.

या क्रमात खंडही पडले आहेत. ठरवून केलेल्या कुस्त्यांचे प्रकरण उघडकीस आल्यावर मार्च २०११ ची स्पर्धा रद्द झाली. त्यात अडकलेल्यांत जुर्योतले मल्ल बरेच होते. पगाराची रेषा तिथेच आहे, हे पाहता त्यात नवल नाही. करोनामुळे मार्च २०२० ची स्पर्धा प्रेक्षकांविना झाली आणि मेची रद्द झाली. गावोगावचे दौरे, किंवा ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेली पाच दिवसांची स्पर्धा, यांतल्या निकालांचा बान्झुकेवर काही परिणाम होत नाही.

भारतातून पाहणाऱ्यांना वेळ सोयीची आहे. जपानचे घड्याळ साडेतीन तास पुढे असल्याने माकुउचीच्या कुस्त्या आपल्याकडे दुपारी पाऊणच्या सुमारास सुरू होऊन अडीचपर्यंत संपतात. एनएचके वर्ल्ड या वाहिनीवर रोजच्या कुस्त्यांचे इंग्रजी समालोचनासह संक्षिप्त प्रक्षेपण असते. संघटनेच्या संकेतस्थळावर बान्झुके इंग्रजीतही मिळते. नव्या प्रेक्षकाने त्यातून वेगवेगळ्या गटांतले चार-पाच मल्ल निवडावेत, त्यातला एक जुर्योच्या तळाचा घ्यावा, आणि त्यांचे जय-पराजय त्याच कागदावर रोज मांडत जावेत. सातव्या-आठव्या दिवसापासून कोण किती विजयांवर आहे आणि कोणाला आणखी किती हवेत हे ध्यानात राहू लागते, आणि दोन अनोळखी मल्लांची कुस्तीही श्वास रोखून पाहिली जाते.