जिंजरब्रेडचे घर

मध किंवा काकवी, मैदा आणि सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ यांसारखे मसाले एकत्र मळून भाजलेल्या कडक वड्यांच्या भिंती व छप्पर साखरेच्या पांढऱ्या लेपाने जोडून केलेली घराची खाद्य प्रतिकृती. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत जर्मन भाषक प्रदेशांत, स्कँडिनेव्हियातील देशांत आणि उत्तर अमेरिकेत अशी घरे घरोघरी रचली जातात. ही प्रथा मध्ययुगापासून चालत आल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. त्यातील पीठ खरोखरच मध्ययुगीन आहे. त्या पिठाचे घर मात्र एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाले, आणि त्यामागे एका परीकथेचा वाटा मोठा आहे.

जिंजर या शब्दाचे मूळ भारतात आहे. संस्कृत ‘शृंगवेर’ व पाली ‘सिंगिवेर’ यांच्याशी नाते असलेला शब्द ग्रीक आणि लॅटिनमधून युरोपीय भाषांत गेला, आणि सुंठ स्वतः मलबारच्या किनाऱ्यावरून सागरी व्यापाराने पश्चिमेकडे गेली. जिंजरब्रेड या इंग्रजी शब्दातील ‘ब्रेड’ला मुळात पावाशी काही देणेघेणे नव्हते. मुरवलेल्या आल्यासाठी असलेल्या एका जुन्या फ्रेंच शब्दाचा शेवट इंग्रजी कानांना ‘ब्रेड’सारखा ऐकू आला आणि तसाच रूढ झाला. जर्मनीत या पदार्थाला लेबकुखेन किंवा फेफरकुखेन म्हणतात. यातील ‘फेफर’ म्हणजे मिरी. पण दूरदेशाहून येणाऱ्या सगळ्याच तिखट-सुगंधी मसाल्यांना त्या काळी हा शब्द लावला जाई. पोलिश ‘पिएर्निक’ आणि स्वीडिश ‘पेपरकाका’ या नावांतही हीच मिरी आहे. रामनवमीला किंवा गोकुळाष्टमीला सुंठवडा वाटणाऱ्या मराठी माणसाला सणाशी जोडलेली सुंठ अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

या पिठाचा खरा विकास न्यूरेम्बर्ग येथे झाला. व्हेनिसकडून उत्तरेकडे जाणारा मसाल्यांचा व्यापार या शहरातून होत असे, आणि शहराला लागून असलेल्या राजवनात मध गोळा करणाऱ्यांची मोठी वस्ती होती. त्यामुळे मसाला आणि मध या दोन्ही महागड्या वस्तू एकाच ठिकाणी हाताशी होत्या. 1395 साली तेथील लेबकुखेन भाजणाऱ्या कारागिराचा लेखी उल्लेख सापडतो, आणि 1643 साली या कारागिरांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. पोलंडमधील तोरुन हे शहरही अशाच मसालेदार वड्यांसाठी चौदाव्या शतकापासून ओळखले जाते. लाकडी साच्यांत दाबून संत, राजेराण्या, घोडे, हृदये अशा आकृत्या उठवणे हा या धंद्यातील मानाचा भाग होता. क्रोएशियाच्या उत्तर भागातील या कलेचा युनेस्कोने 2010 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. मध भरपूर आणि पाणी कमी असल्याने हे पीठ भाजल्यावर कडक होते आणि महिनोन्महिने टिकते. जुन्या पद्धतीत ते फुगवण्यासाठी पोटॅश, म्हणजे आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार, वापरीत आणि मळलेला गोळा कित्येक आठवडे मुरत ठेवीत. पुढे घराच्या भिंतीला जो ताठपणा लागला, तो या पिठात आधीपासूनच होता.

20 डिसेंबर 1812 रोजी याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यातील ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ या कथेत दुष्काळामुळे रानात सोडून दिलेली भावंडे एका खाण्याजोग्या घरापाशी पोहोचतात. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे: ग्रिम बंधूंच्या मजकुरात ते घर जिंजरब्रेडचे नाही. त्याच्या भिंती पावाच्या, छप्पर केकचे आणि खिडक्या स्वच्छ साखरेच्या आहेत. भुकेल्या मुलांना पावाच्या भिंतीच स्वर्गासारख्या वाटाव्यात, हे त्या कथेतील दारिद्र्याला धरूनच आहे. वाचकांनी आणि भट्टीवाल्यांनी त्या पावाच्या जागी नाताळचा लेबकुखेन आणला, आणि जर्मनीत अशा घराला आजही ‘चेटकिणीचे घर’ असे नाव आहे. एंगेलबर्ट हुम्परडिंक यांच्या याच कथेवरील संगीतिकेने हा बदल पक्का केला. 23 डिसेंबर 1893 रोजी वायमार येथे रिखार्ड श्ट्राउस यांच्या संचालनाखाली तिचा पहिला प्रयोग झाला. तिच्यात चेटकिणीने मुलांचेच लेबकुखेन करून टाकलेले असते आणि शेवटी ती मुले पुन्हा जिवंत होतात. ही संगीतिका नाताळात सादर करण्याचा प्रघात जर्मन रंगमंचावर तेव्हापासून पडला.

कथेइतकीच साखरही महत्त्वाची ठरली. आंद्रेआस मार्गग्राफ यांनी 1747 मध्ये बीटमधील साखर शोधून काढली, आणि त्यांचे शिष्य फ्रान्झ आखार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायलेशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. शतकभरात साखर सामान्य घरांच्या आवाक्यात आली. अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून केलेला लेप वाळल्यावर चुन्यासारखा घट्ट होतो. सांधे जोडणारा गिलावा तोच आणि छपरावरचे बर्फही तोच. स्वस्त साखरेशिवाय ही रचना घरगुती झाली नसती.

अमेरिकेत ही प्रथा जर्मन स्थलांतरितांबरोबर गेली. 1969 पासून व्हाइट हाउसमध्ये जर्मनीत जन्मलेले आचारी हान्स राफर्ट दर नाताळात असे घर करू लागले. सर्वांत मोठ्या घराचा विक्रम टेक्सासमधील ब्रायन येथे 2013 साली झाला. त्याचे आकारमान सुमारे 1,110 घनमीटर होते. नॉर्वेतील बर्गेन शहराचा उपक्रम मात्र याहून अधिक मोलाचा वाटतो. तेथे 1991 पासून शाळा, बालवाड्या आणि कुटुंबे मिळून दरवर्षी जिंजरब्रेडचे एक अख्खे गाव उभारतात. 2009 मध्ये कोणीतरी हे गाव उद्ध्वस्त केले, तेव्हा शहरवासीयांनी पुन्हा भट्ट्या पेटवून ते नव्याने उभे केले.

घर बांधताना पीठ पातळ लाटून कागदी नमुन्याबरहुकूम भिंती कापतात आणि भाजून पूर्ण थंड झाल्यावरच जोडतात. खिडकीच्या जागी रंगीत गोळीचा चुरा ठेवून भाजल्यास तो वितळून काचेसारखा दिसतो. मध हवेतील ओल शोषून घेतो, त्यामुळे दमट हवेत भिंती मऊ पडून घर खचते. स्वीडनमध्ये 13 जानेवारीला, संत क्नूटच्या दिवशी, नाताळवृक्षावरील सजावट उतरवली जाते आणि त्याच वेळी मुले जिंजरब्रेडचे घर फोडून खातात.