बुडीत वेतनाची भरपाई, मोटार अपघातातील (बेळगाव सीमाभाग)

मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाची उपचारकाळात जी कमाई बुडते आणि कायमच्या अपंगत्वामुळे पुढे जी घटते, तिची रक्कम वाहनमालकाकडून व त्याच्या विमा कंपनीकडून न्यायाधिकरणामार्फत वसूल करण्याच्या प्रक्रियेला या नावाने ओळखले जाते. वैद्यकीय खर्च आणि वेदनांची भरपाई ही याच दाव्याची वेगळी अंगे असून त्यांचा विचार येथे केलेला नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातील मराठी भाषकांना यामागील मोटार वाहन अधिनियम हा केंद्रीय कायदा म्हणून महाराष्ट्राप्रमाणेच लागू आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असला तरी त्याचा या हक्कावर काही परिणाम होत नाही. नियम, न्यायालयीन भाषा आणि अपिलाची वाट मात्र कर्नाटकाची आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये १९५६ साली झालेल्या दुरुस्तीने राज्यांना दावा न्यायाधिकरणे नेमण्याचा अधिकार मिळाला. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला तोही १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये, हा केवळ योगायोग होय. त्यापूर्वी जखमी व्यक्तीला साधा दिवाणी दावा लावून मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागे. सध्याचा आधार १९८८ च्या अधिनियमाचे कलम १६६ हा आहे.

भावी उत्पन्नाची हानी मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गुणक पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. सर्वसाधारणपणे तिचे मूळ इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४२ मध्ये एका कोळसा खाणीतील स्फोटाच्या खटल्यात दिलेल्या निर्णयापर्यंत नेले जाते. वार्षिक अवलंबित्वाची रक्कम, म्हणजे मृताच्या कमाईतून अवलंबितांना वर्षाला मिळणारा वाटा, ठरवून तिला ठरावीक वर्षांच्या आकड्याने गुणण्याची रीत त्यात मांडलेली आहे. ही रीत त्याआधीच इंग्लिश न्यायालयांत मुरलेली होती आणि १९४२ च्या निर्णयाने तिला फक्त सूत्ररूप दिले, असेही म्हणता येते. ब्रिटिश वसाहतींतील अपिले ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने १९५१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील एका प्रकरणात वेगळी रीत सांगितली: आधी संपूर्ण संभाव्य आयुष्याची रक्कम काढावी आणि मग अनिश्चिततांपोटी तीत कपात करावी. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या आरंभी या दुसऱ्या रीतीकडे कल दाखवला होता. १९९० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत मात्र त्याने गुणक पद्धतच तर्कशुद्ध व एकसमान असल्याचे स्पष्ट केले, आणि प्रस्तुत नोंदीतही तेच मत अधिक ग्राह्य मानले आहे, कारण दुसऱ्या रीतीत कपातीचे प्रमाण शेवटी न्यायाधीशाच्या अंदाजावरच सोडावे लागते. १९९४ मध्ये अधिनियमाला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीतील तक्त्यात आकडेमोडीच्या चुका होत्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये नोंदवले. कमाल गुणक १६ की १८, हाही गोंधळ पुढे चालू राहिला. तो सरला वर्मा प्रकरणात २००९ मध्ये मिटला. त्यातील तक्त्यानुसार १५ ते २५ वयासाठी १८, २६ ते ३० साठी १७, ३१ ते ३५ साठी १६, ३६ ते ४० साठी १५ असा गुणक उतरत जातो आणि ६५ वर्षांनंतर तो ५ वर येतो. हा सगळा खटाटोप मुळात मृत्यूच्या दाव्यांसाठी झाला. जखमींच्या दाव्यांना तो नंतर लागू झाला. म्हणूनच जखमीच्या दाव्यात मृताच्या दाव्याप्रमाणे वैयक्तिक खर्चापोटी वजावट होत नाही, कारण तो माणूस हयात असतो आणि त्याचा स्वतःचा खर्च चालूच राहतो.

जखमींच्या बाबतीत राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णय आधारभूत मानतात. त्याने वेतनहानीचे दोन भाग पाडले. पहिला भाग उपचारकाळात झालेल्या खाड्यांचा. तो महिन्यांत मोजतात, आणि हाड मोडलेल्या साध्या प्रकरणांत न्यायाधिकरणे बहुधा तीन-चार महिन्यांच्या आसपास राहतात. मिळणारी हक्काची रजा या काळात खर्ची पडली असेल, तर पगार चालू राहिला तरी रजेची किंमत हानीत धरावी, असे अनेक निर्णयांचे म्हणणे आहे आणि ते न्याय्य दिसते. दुसरा भाग कायमच्या अपंगत्वामुळे कमाईची शक्ती किती घटली याचा. येथे डॉक्टरांनी सांगितलेली टक्केवारी जशीच्या तशी धरायची नसते. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण थांबते; तोच हात गेलेल्या कार्यालयीन कारकुनाची नोकरी टिकू शकते. त्यामुळे व्यक्तीचे काम कोणते, त्यातील कोणती हालचाल आता जमत नाही आणि दुसरे काही काम करता येईल काय, हे क्रमाने पाहावे लागते. एका अवयवाची टक्केवारी संपूर्ण शरीराच्या हिशेबात आणताना कर्नाटकातील न्यायाधिकरणे सामान्यतः तिचा तिसरा हिस्सा घेतात, म्हणजे पायाचे ३० टक्के अपंगत्व संपूर्ण शरीराचे १० टक्के होते. ही सोयीची रीत असून तिला वैद्यकीय आधार फारसा नाही. उपचार न केलेल्या डॉक्टरने हातोहात दिलेल्या दाखल्याकडे न्यायाधिकरण संशयाने पाहते.

उदाहरणादाखल, बेळगावच्या वडगाव भागातील ३२ वर्षांच्या एका विणकराचा विचार करता येईल. त्याला साडीगणिक मजुरी मिळते आणि दर आठवड्याला मालकाच्या वहीत तिचा हिशेब होतो. महिन्याची कमाई १२,००० रुपये ठरली आणि चार महिने मागावर बसता आले नाही, तर पहिल्या भागाचे ४८,००० रुपये होतात. पायडल दाबता येत नाही एवढ्यावरून कमाईशक्तीची घट १० टक्के धरली, तर १२,००० गुणिले १२ गुणिले १६ याचा दशांश, म्हणजे २,३०,४०० रुपये दुसऱ्या भागाचे होतात. प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या घटनापीठाने चाळिशीखालील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवण्याचे ठरवले. ती जोड मिळाली तर हीच रक्कम ३,२२,५६० रुपयांवर जाते. ही जोड केवळ अवयव गमावण्यासारख्या गंभीर अपंगत्वातच द्यावी, असा एक प्रवाह दिसतो. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयानंतर कायमचे अपंगत्व सिद्ध होणाऱ्या सर्वच दाव्यांत ती द्यावी, या मताकडे झुकणे अधिक सयुक्तिक वाटते.

वरील हिशेबातील १२,००० हा आकडा सिद्ध करणे हीच सीमाभागातील दाव्यांची खरी अडचण आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातील कारखान्याचा कायम कामगार हजेरीपट आणि पगारपत्रक आणू शकतो. मात्र नुसता दाखला पुरत नाही, तो देणाऱ्या मालकाला किंवा मस्टर सांभाळणाऱ्या कारकुनाला साक्षीला आणावे लागते. निपाणीच्या विडी कामगाराकडे कार्ड व भविष्यनिर्वाह निधीची नोंद असल्यास काम तरी सिद्ध होते. ऊसतोडीच्या टोळीतील मजुराजवळ मुकादमाच्या वहीतील उचलीशिवाय काही नसते, आणि ती नोंद कर्ज दाखवते, कमाई दाखवत नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत उताऱ्यावरील जमीन अपघातानंतरही जागेवर राहते, म्हणून शेतीचे संपूर्ण उत्पन्न हानी मानले जात नाही, तर देखरेखीच्या श्रमाचे मोल धरले जाते. दूध संस्थेची बिले व बँक पासबुक यांचे वजन तोंडी साक्षीपेक्षा जास्त पडते. मुळीच पुरावा नसेल तेव्हा अपघाताच्या वर्षानुसार काल्पनिक उत्पन्न धरतात आणि त्यासाठी लोकअदालतींकरिता राज्य विधी सेवा प्राधिकरणाने तयार केलेला तक्ता उच्च न्यायालयही वापरते. या बाबतीत कर्नाटकातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेले दोन दावे वारंवार उद्धृत होतात. २०११ मध्ये एका हमालाची महिना ४,५०० रुपयांची मागणी कागदाविना मान्य झाली. २०१४ मध्ये एका भाजीविक्रेत्याचे उत्पन्न ६,५०० रुपये धरताना अशा धंद्यात कागद मागणेच गैर असल्याचे न्यायालयाने सांगितले.

दावा अपघातस्थळ, अर्जदाराचे वास्तव्य किंवा प्रतिपक्षाचे वास्तव्य यांपैकी कोठेही लावता येतो. त्यामुळे चंदगड तालुक्यातील शिनोळी औद्योगिक वसाहतीत कामाला जाताना महाराष्ट्राच्या हद्दीत जखमी झालेला बेळगाव तालुक्याचा रहिवासी बेळगावातच अर्ज करू शकतो. जिल्हा न्यायालयाखेरीज तालुक्याच्या ठिकाणची वरिष्ठ दिवाणी न्यायालयेही न्यायाधिकरण म्हणून काम पाहतात आणि तेथे अशा प्रकरणाला एमव्हीसी (मोटार वाहन प्रकरण) म्हणतात. कर्नाटकातील फिर्याद, पंचनामा आणि जखमेचा दाखला बहुधा कन्नडमध्ये असतो. मराठीत लिहिलेला मालकाचा दाखला किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयाची कागदपत्रे भाषांतरासह द्यावी लागतात, आणि कामाचे नाव भाषांतरात बदलले की उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील तेवढाच फरक धरून बसतो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. १९९४ मध्ये काढून टाकलेली मुदत अशा रीतीने परत आली असून तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. त्याच दिवसापासून कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची ठोक रक्कम मागता येते. पण ज्याची कमाई मोठी त्याला ती अपुरी पडते. कलम १६६ खाली समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. अर्जदाराचीही चूक असल्यास तिच्या प्रमाणात रक्कम घटते. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही. काम करीत असताना अपघात झाला असल्यास १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला कामगार भरपाईचा पर्याय असतो, पण कलम १६७ प्रमाणे दोहोंपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

मंजूर रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते. कर्नाटकात त्याचा दर बहुधा ६ टक्के असतो. परिवहन महामंडळाची बस असल्यास विमा कंपनीऐवजी महामंडळच पैसे भरते. निवाड्यावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. बेळगाव आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांतील, म्हणजे कारवार-हल्याळ भागातीलही, अपिले धारवाड पीठाकडे जातात. बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद परिसराची कलबुर्गी पीठाकडे. ही दोन्ही पीठे २००८ मध्ये फिरती म्हणून सुरू होऊन २०१३ मध्ये कायम झाली. २००८ पूर्वी अपिलासाठी बेंगळुरू गाठावे लागे. मंजूर रकमेचा काही भाग अर्जदाराच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश न्यायाधिकरण बहुधा देते, आणि तो भाग मुदतीआधी काढण्यासाठी पुन्हा अर्ज करून कारण दाखवावे लागते.