कॉन्टॅक्ट लेन्सची निगा

कॉन्टॅक्ट लेन्सची निगा : दृष्टिदोष सुधारण्यासाठी बुबुळावर बसवल्या जाणाऱ्या पातळ भिंगाची रोजची सफाई, साठवण आणि वेळच्या वेळी बदल. बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे स्वच्छमंडलात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः हवेतून अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. लेन्स ही वाट थोडीफार अडवते, आणि पापणीच्या उघडझापीबरोबर डोळा अश्रूंनी धुतला जातो तेही मंदावते. निगेचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून आले आहेत.

आजची मऊ लेन्स चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांच्या संशोधनातून आली. १९६१ मध्ये त्यांनी मुलांच्या खेळण्यातले जोडणीचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो वापरून घरीच यंत्र जुळवले व त्यावर लेन्स घडवल्या. अमेरिकेत १९७१ मध्ये अशा लेन्सच्या विक्रीला परवानगी मिळाली. हा पदार्थ पाणी धरून ठेवतो म्हणून मऊ राहतो. साध्या पाण्याशी गाठ पडली की लेन्स फुगते, तिचा आकार बिघडतो आणि पाण्यातले जंतू तिला चिकटतात.

पाण्याने धुतले की वस्तू स्वच्छ झाली, हा आपल्या घराघरांतला संस्कार. लेन्सच्या बाबतीत तोच घात करतो. अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव नळाच्या, विहिरीच्या, पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात आणि मातीतही असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती कवच करतो आणि पाण्यातल्या क्लोरीनलाही दाद देत नाही. लेन्सखाली तो स्वच्छमंडलात शिरला तर वेदना असह्य होतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात, डोळ्यात फूल पडते आणि कधी स्वच्छमंडलाचे प्रत्यारोपण करावे लागते. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच द्रावण करणाऱ्यांमध्ये असे रुग्ण आढळले होते. म्हणून नळाचे, फिल्टरचे, उकळून गार केलेले, बाटलीबंद, कोणतेच पाणी लेन्सला किंवा तिच्या डबीला लावू नये. गुलाबपाणी आणि थुंकीही नको. अंघोळीला जाताना, विहिरीत किंवा तलावात उतरताना लेन्स काढून ठेवावी. हात साबणाने धुतल्यावर धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण कोरडे करावेत. हे कोरडे करणेच बहुतेकांकडून राहून जाते.

लेन्स काढल्यावर तळहातावर ठेवून त्यावर लेन्ससाठी बाटलीत मिळणाऱ्या जंतुनाशक द्रावणाचे थेंब टाकावेत, बोटाच्या पेराने दोन्ही बाजू हलके चोळाव्यात आणि द्रावणानेच खंगाळावे. बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असे छापलेले असले तरी चोळावे, कारण चिकट थर नुसत्या भिजवण्याने सुटत नाही. डबीतले कालचे द्रावण टाकून द्यावे. त्यातच नवे थेंब घालून भागवण्याची सवय काटकसरीची वाटते, पण अशा द्रावणाची जंतू मारण्याची ताकद उरत नाही. २००६ मध्ये फ्युजेरियम बुरशीमुळे अनेक देशांत लेन्स वापरणाऱ्यांचे डोळे बिघडले आणि एक द्रावण जगभरातून मागे घेतले गेले. तेव्हा हेच जुने द्रावण पुन्हा वापरणे धोका वाढवणारे ठरले होते. नुसते सलाइन, म्हणजे मिठाचे निर्जंतुक द्रावण, खंगाळण्यापुरतेच असते, त्याने जंतू मरत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण प्रभावी असते, पण ते त्याच्यासोबत मिळणाऱ्या खास डबीत सांगितलेला पूर्ण वेळ ठेवून निष्प्रभ व्हावे लागते; थेट डोळ्यात गेले तर भयंकर आग होते.

डबीकडे लेन्सइतकेच लक्ष हवे. सकाळी ती रिकामी करून द्रावणाने खंगाळावी, पुसावी आणि उघडी, पालथी वाळू द्यावी. दर तीन महिन्यांनी तरी बदलावी. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासूनचा महिना. ती तीस वेळा घालायची असते असे नव्हे. रोज नवी घालून टाकून द्यायची लेन्स महाग पडते, पण डबी आणि द्रावण दोन्हींची जोखीम टळते, त्यामुळे परवडत असेल तर तीच बरी.

लेन्स घालून झोपू नये. दुपारची डुलकीही त्यात आलीच. काजळ लेन्स घातल्यानंतर लावावे आणि लेन्स काढल्यानंतर पुसावे. मिरच्या चिरलेल्या हातांचा तिखटपणा साबणाने लगेच जात नाही, तेव्हा लेन्सचे काम स्वयंपाकाआधी उरकावे. रंगपंचमीला चष्माच बरा, कारण मऊ लेन्स रंग शोषून घेते.

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे, यांपैकी काहीही झाले तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत. लाली कमी होते आणि आतला संसर्ग बळावतो. काढलेली लेन्स व डबी न धुता सोबत न्यावी. जंतू कोणता, हे अनेकदा त्यावरूनच कळते.