त्रिनिदादला व्हिसा लागत नाही, तरीही : प्रवेशनियमांची पार्श्वभूमी

भारतीय पासपोर्ट असलेल्या पर्यटकाला थोड्या दिवसांसाठी त्रिनिदाद आणि टोबॅगोला जायचे असेल, तर व्हिसा काढावा लागत नाही. ‘व्हिसामुक्त देश’ या मथळ्याखाली दरवर्षी ज्या याद्या फिरतात, त्यांत हे नाव बार्बाडोस, डॉमिनिका, ग्रेनाडा यांच्या शेजारी हमखास सापडते. प्रत्यक्षात मुंबईच्या विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर उभे राहिल्यावर प्रश्न सुरू होतात. परतीचे तिकीट आहे का, उतरणार कुठे, खर्चापुरते पैसे आहेत का, आणि मधल्या विमानतळावर थांबण्यासाठी लागणारा व्हिसा आहे का? काउंटरवरचा कर्मचारी हे सगळे विचारतो, कारण प्रवाशाला पुढे प्रवेश नाकारला गेला तर त्याला परत आणण्याचा खर्च आणि पुष्कळ देशांत वर दंडही विमान कंपनीवर पडतो. यादीतली एक ओळ आणि काउंटरवरची ही प्रश्नावली यांच्यातले अंतर समजून घ्यायचे, तर पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते, कारण भारत आणि त्रिनिदाद यांच्यातल्या प्रवासाला पहिल्या जहाजापासूनच कागद चिकटलेला आहे.

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने आणि १८३८ मध्ये प्रत्यक्षात संपली, तेव्हा कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. पाच वर्षांच्या कराराने भारतातून माणसे नेण्याचा मार्ग मॉरिशसने आधीच दाखवला होता. सुरुवातीच्या भरतीतल्या फसवणुकीच्या आणि छळाच्या तक्रारींमुळे ही वाहतूक काही काळ बंद करण्यात आली होती, ती १८४२ मध्ये मॉरिशससाठी आणि १८४४ मध्ये जमैका, त्रिनिदाद आणि ब्रिटिश गयाना यांच्यासाठी पुन्हा खुली झाली. त्यानंतर ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात आले. १९१७ पर्यंत अशा रीतीने त्रिनिदादला नेलेल्यांची संख्या सुमारे १ लाख ४४ हजारांवर गेली. यातले बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले, काही मद्रासकडचे. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर मॉरिशसच्या वाटेला लागले, म्हणूनच मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे आणि त्रिनिदादमध्ये तसा नाही.

या प्रत्येक मजुराला निघताना ‘एमिग्रेशन पास’ दिला जाई. हा कागद बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्यावर जहाजाचे नाव आणि डेपोतला क्रमांक असे. मग नाव, बापाचे नाव, वय, जात, जवळच्या वारसाचे नाव. नंतर जिल्हा, पोलीस ठाणे, गाव. शेवटी उंची आणि अंगावरची खूण, म्हणजे कपाळावरचा व्रण किंवा हातावरचे गोंदण. माणूस धडधाकट आहे असे डॉक्टर लिहून देई, आणि तो राजीखुशीने जात आहे असे ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याच्या सहीने नोंदले जाई. ज्याला वाचता येत नाही त्याची राजीखुशी कागदावर किती उतरत असेल, याचा अंदाज वाचकाने बांधावा. अधिकाऱ्याच्या पदाचे नाव मात्र मराठी घरांना अजिबात अनोळखी नाही. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानेही प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स हे पद कायम ठेवले, आणि आखातात नोकरीला निघालेल्या, दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर जो ‘ईसीआर’ (म्हणजे नोकरीसाठी देश सोडण्याआधी सरकारी मंजुरी हवी असा) शेरा असतो, ती मंजुरी देते ते याच अधिकाऱ्याचे कार्यालय. ज्या देशांसाठी ही मंजुरी लागते त्या यादीत आज कॅरिबियन देश नाहीत. एकेकाळी जहाजे भरभरून माणसे जिकडे गेली ती दिशाच यादीतून गळली, आणि पद तेवढे उरले.

बेटावर पोचल्यावरही कागद सुटत नसे. १८६६ पासून पोर्ट ऑफ स्पेनसमोरच्या नेल्सन बेटावर मजुरांना उतरवून घेतले जाई. तिथे त्यांची तपासणी होई, आजारी असतील त्यांना वेगळे ठेवले जाई, आणि मग मळ्यांना वाटप. करार चालू असताना परवानगीच्या चिठ्ठीवाचून मळ्याबाहेर सापडलेला मजूर तुरुंगात जाऊ शकत असे, आणि करार संपलेल्याला आपण मोकळे आहोत हे दाखवायलाही कागद बाळगावा लागे. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी त्रिनिदादमधल्याच सॅन फर्नांडो शहरात मोहरमची मिरवणूक शहरात नेण्यास बंदी असताना लोक पुढे सरकले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ही घटना धार्मिक मिरवणुकीची म्हणून सांगितली जाते. तिच्या मुळाशी मळ्यावरच्या माणसाने शहरात यायचे की नाही, हा फिरण्याच्या परवानगीचाच प्रश्न होता.

कराराची ही पद्धत मार्च १९१७ मध्ये भारत संरक्षण कायद्याखाली थांबवण्यात आली. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते, आणि त्यानेच पासपोर्टची सक्तीही आणली. त्याआधी साम्राज्यात फिरणाऱ्या सधन माणसाला पासपोर्टवाचून फारसे अडत नसे, आणि कागद लागे तो गरीब मजुराला. १९२० च्या कायद्याने भारतात प्रवेश करण्यासाठी पासपोर्टचा नियम पक्का झाला, तेव्हा मजुराच्या पासची पद्धत वेगळ्या नावाने सगळ्यांना लागू झाली असे म्हणता येईल.

आजच्या व्हिसामुक्तीचे मूळ कॅरिबियन देशांच्या उदारपणात शोधण्यापेक्षा साम्राज्याच्या नागरिकत्वात शोधावे. भारतीय आणि त्रिनिदादी हे दोघेही कागदोपत्री ब्रिटिश प्रजा होते. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानंतर कॉमनवेल्थ नागरिक ही ओळख रुळली आणि कॉमनवेल्थमधल्या देशांनी परस्परांच्या नागरिकांकडे व्हिसा मागू नये असा प्रघात काही काळ टिकला. त्रिनिदाद ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटनने कॉमनवेल्थ नागरिकांच्या येण्यावर पहिल्यांदा कायद्याने बंधने घातली. पुढे हा प्रघात दोन्ही बाजूंनी उसवत गेला. पंजाबातल्या परिस्थितीमुळे भारताने १९८४ मध्ये कॉमनवेल्थ नागरिकांची व्हिसामुक्ती काढून घेतली, तर ब्रिटनने १९८६ मध्ये भारतीयांवर व्हिसा लादला. जमैकाच्या नागरिकांना ब्रिटनसाठी व्हिसा लागू झाला तो जानेवारी २००३ मध्ये, आणि खुद्द त्रिनिदादच्या नागरिकांना मार्च २०२५ मध्ये. कॅरिबियनमधल्या छोट्या देशांनी मात्र ती जुनी सवलत पूर्णपणे मोडली नाही, कारण त्यांचे पोट पर्यटनावर चालते. त्रिनिदाद तेल आणि वायूवर जगतो, त्यामुळे कॉमनवेल्थमधल्या सगळ्यांना सरसकट सवलत द्यायला तो तितकासा तयार नसतो. शेजारच्या व्हेनेझुएलातून माणसे येऊ लागल्यावर जून २०१९ मध्ये त्याने व्हेनेझुएलाच्या नागरिकांना व्हिसा लावला, आणि त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत सुमारे साडेसोळा हजार लोकांची नोंदणी करून घेतली. दोन देशांमधला समुद्र सर्वात अरुंद जागी अकरा किलोमीटरच्या घरात आहे, हे लक्षात घेतले तर ही घाई समजते.

मराठी माणसाच्या मनात या बेटांची ओळख रुजली ती क्रिकेटमुळे. १९५२-५३ च्या दौऱ्यात २७ बळी घेणारे मुंबईचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते त्रिनिदादच्या मुलीशी लग्न करून पुढे तिथेच स्थायिक झाले आणि २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्येच वारले. अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवले ते पोर्ट ऑफ स्पेनमध्येच, आणि सुनील गावसकरांचा तो पहिला कसोटी सामना होता. प्रवेशाच्या नियमांना सर्वात मोठे वळणही क्रिकेटनेच दिले. २००७ च्या विश्वचषकासाठी यजमान नऊ देश आणि डॉमिनिका अशा दहा देशांनी १ फेब्रुवारी ते १५ मे या काळात आपल्या सीमा एकत्र केल्या. म्हणजे पहिल्या बेटावर तपासणी झाली की पुढच्या बेटांवर पुन्हा शिक्का नको. कल्पना उत्तम होती. पण तिच्यासाठी जो खास कॅरिकॉम (कॅरिबियन देशांचा संघ) व्हिसा काढला गेला त्याचे शुल्क १०० अमेरिकी डॉलर होते. अमेरिका आणि ब्रिटनच्या नागरिकांना तो माफ होता, तर भारत आणि ऑस्ट्रेलियासारख्या क्रिकेटवेड्या देशांच्या प्रेक्षकांना लागू होता. पुढचे सर्वांना आठवते. भारत १७ मार्चला बांगलादेशाकडून आणि २३ मार्चला श्रीलंकेकडून पोर्ट ऑफ स्पेनमध्येच हरला, आणि १५ एप्रिलला बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमध्ये भारत-पाकिस्तान सामन्याची वाट पाहून तिकिटे आणि व्हिसा काढून ठेवलेल्यांच्या वाट्याला आयर्लंड विरुद्ध बांगलादेश आला.

खास व्हिसा स्पर्धेबरोबर संपला. त्याच्यासाठी उभारलेली यंत्रणा मात्र राहिली. विमान उतरण्याआधीच प्रवाशांची नावे आणि पासपोर्टचे तपशील बार्बाडोसमधल्या संयुक्त केंद्राकडे जाऊन तपासले जातात, ती व्यवस्था या विश्वचषकाची देणगी आहे. व्हिसा नसला तरी तपासणी होतेच. फक्त ती वकिलातीच्या खिडकीवरून उठून विमान कंपनीच्या संगणकात गेली आहे.

तरीही मुंबईकर प्रवाशाची खरी अडचण या बेटांनी निर्माण केलेली नाही. भारतातून त्रिनिदादला थेट विमान नाही. वाट सहसा लंडन, न्यूयॉर्क, मायामी, टोरांटो किंवा पनामावरून जाते. अमेरिकेत पूर्वी केवळ विमान बदलणाऱ्यांना व्हिसाशिवाय थांबता येत असे. दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याचे कारण देऊन ही सवलत ऑगस्ट २००३ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून दोन तासांच्या थांब्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो, कारण तिथल्या विमानतळांवर बाहेर न पडता पुढचे विमान पकडण्याची वेगळी सोयच नसते. ब्रिटनमध्येही विमानतळाच्या आत थांबायला भारतीयांना सहसा व्हिसा लागतो. त्यामुळे ज्याच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्याच्यासाठी त्रिनिदादची व्हिसामुक्ती सर्वात उपयोगाची ठरते. दारावर कुलूप नाही, पण दारापर्यंतची वाट दुसऱ्याच्या अंगणातून जाते.

परतीच्या वाटेवर आणखी एक कागद आहे, आणि तो भारत मागतो. पिवळ्या तापाचा विषाणू त्रिनिदादच्या जंगलांतल्या माकडांत आढळतो. १९५४ मध्ये आणि पुन्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे साथीची चाहूल लागली होती. हा ताप पसरवणारा एडिस डास भारतात गल्लोगल्ली आहे, रोग मात्र आलेला नाही, म्हणून आपले सरकार या बाबतीत जगातल्या कडक सरकारांपैकी एक आहे. त्रिनिदादहून येणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. मुंबईत बंदर आरोग्य विभागासारख्या ठरावीक अधिकृत केंद्रांवरच ही लस मिळते आणि सोबत पिवळ्या मुखपृष्ठाची छोटी पुस्तिका शिक्का मारून देतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरली जाते, आणि २०१६ पासून तिची मुदत जन्मभराची झाली आहे. नेल्सन बेटावर भारतातून आलेल्यांना वेगळे ठेवले जाई. आता त्रिनिदादहून लसीच्या प्रमाणपत्राविना आलेल्यांना भारत वेगळे ठेवतो.

उलट्या दिशेच्या प्रवासाचा इतिहास अलीकडेच बदलला. भारताने परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ‘ओसीआय’ कार्ड २००६ मध्ये सुरू केले. सर्वसाधारण नियमानुसार ते चौथ्या पिढीपर्यंतच मिळते. १८४५ ते १९१७ दरम्यान गेलेल्यांच्या वंशजांपैकी आजची तरुण मंडळी पाचवी-सहावी पिढी असल्याने त्यांना या नियमाचा उपयोग नव्हता. जून २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या भेटीत सुरिनामच्या भारतवंशीयांसाठी ही मर्यादा सहाव्या पिढीपर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले, आणि जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्रिनिदादसाठीही तशीच घोषणा केली. हे कार्ड मिळाले की भारतात येण्यासाठी पुन्हा पुन्हा व्हिसा काढावा लागत नाही.

पण अर्जदाराला वंश सिद्ध करावा लागतो, म्हणजे स्वतःच्या जन्मदाखल्यापासून आईबाप, आजीआजोबा असे मागे मागे जात जहाजावरून उतरलेल्या पूर्वजापर्यंत कागदांची साखळी जोडावी लागते. मधल्या पिढ्यांची अनेक लग्ने हिंदू किंवा मुस्लिम रीतीने झाली आणि ती सरकार दरबारी बराच काळ नोंदलीच जात नव्हती, तिथे साखळी तुटते. नावेही कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली, त्यामुळे एकाच घराण्याची तीन आडनावे निघतात. शेवटचा दुवा सापडतो तो त्रिनिदादच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मजुरांच्या नोंदवह्यांत, ज्यांना २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत स्थान मिळाले. तिथे एखाद्या पानावर जहाजाचे नाव, क्रमांक, बापाचे नाव, जिल्हा, ठाणे, गाव आणि ‘कपाळावर व्रण’ असा शेरा मिळाला, तर भारतात येण्याचा अर्ज पुढे सरकतो.