वीजनिर्मितीच्या पद्धतींची तुलना (महाराष्ट्र)

कोळसा, पाणी, अणुइंधन, वायू, वारा आणि ऊन या सगळ्यांपासून महाराष्ट्रात वीज तयार होते. त्यांची तुलना बहुधा प्रतियुनिट दरावर होते. पण ती अपुरी आहे. ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखायची तर ज्या क्षणी जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती लागते. त्यामुळे वीज केवढ्याला पडते याइतकेच ती केव्हा हाताशी येते, हेही पाहावे लागते.

या बाबतीत जलविद्युत सरस ठरते. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. शिवाजीसागराचे (कोयना धरणाच्या जलाशयाचे) पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातल्या वीजगृहांत उतरते, वीजनिर्मितीचे संच फिरवून कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडते, तिथे आणखी वीज देते आणि वाशिष्ठीवाटे समुद्राला मिळते. संच काही मिनिटांत पूर्ण भार घेतो, म्हणून संध्याकाळी मागणी चढली की कोयनेकडे पाहिले जाते. पण मुळात पूर्वेला कृष्णेकडे जाणाऱ्या आणि इथे पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांना हेही पाणी समुद्रात वाया गेल्यासारखेच वाटते, आणि ती तक्रार अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही.

औष्णिक केंद्राचे याच्या उलट आहे. थंड पडलेला बॉयलर तापवून संच भारावर आणायला कित्येक तास जातात. म्हणून चंद्रपूरसारखे केंद्र अखंड चालवणेच परवडते. एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा जळतो आणि देशी कोळशातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक राखच असते. धुराची चर्चा होते, पाण्याची कमी. वाफ थंड करायला पाणी नाही म्हणून २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते.

तारापूर हे देशातले पहिले अणुवीज केंद्र (१९६९). इथे धूर नाही, इंधनही थोडे. मात्र उभारणीला वर्षानुवर्षे लागतात आणि किरणोत्सारी कचरा पिढ्यानपिढ्या सांभाळावा लागतो. उरणचे वायू केंद्र चटकन सुरू होते, पण वायू मिळाला तर.

साताऱ्यातल्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या मुख्यतः पावसाळ्यात जोर धरतात, नेमके तेव्हाच ढगांमुळे सौर निर्मिती मंदावते. सौर वीज आता स्वस्त आहे, पण दिवेलागणीला शून्य. तिचा खरा फायदा शेतीपंपांना: रात्रीच्या पाळीत अंधारात बांधावर जाऊन मोटार सुरू करण्याऐवजी शेतकरी दिवसा पाणी देऊ शकतो. सौर कृषी वाहिनी योजनेचा आधार हाच.

घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प (२००८) वीज जवळजवळ साठवूनच ठेवतो. वीज जास्त असताना खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि गरजेला सोडायचे. या उलाढालीत सुमारे पाव हिस्सा वीज खर्ची पडते. दुपारच्या सौर विजेवर पंप चालवता येतील, या हिशेबाने सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प आखले जात आहेत.